गढीतला कल्हईवाला

रियाधमध्ये मुलगी बघायला आलेल्या बायका मुलीचं तोंड नंतर बघतात, आधी तिचे आजे-पणजे बघतात. बहुतेक मुलींचे आजे-पणजे कबरीत शांत पडलेले असतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. लुलुवाची पंचाईत अशी की तिचे आजोबा जिवंत होते, चांगले ठणठणीत होते आणि त्यांना बोलायची दांडगी हौस होती.

म्हणजे कूळ वाईट नव्हतं हो. टोळी नामांकित, वंशावळ कागदावर दहा पिढ्यांची. पण दुष्काळाच्या दिवसांत आजोबा, फहाद त्यांचं नाव, बारा वर्षांचे असताना पोटासाठी चालत अल-हसाला गेले आणि तिथे एका कारागिराकडे कल्हई लावायला शिकले. पुढे वीस वर्षं त्यांनी तेच केलं. आता टोळीच्या माणसानं उंट हाकावेत, तलवार धरावी, फार तर उपाशी मरावं. त्यानं हातोडी आणि भाता धरला की तो कारागीर झाला, आणि कारागिराच्या घरात टोळीवाले मुलगी देत नाहीत की तिथली मुलगी आणत नाहीत. ज्यांनी त्याच्या कल्हईच्या भांड्यांतून जन्मभर खाल्लं, ते तर मुळीच नाहीत!

लुलुवाच्या वडिलांनी, अब्दुल मुहसिननं, बापाचा हा धंदा जमिनीत गाडल्यासारखा गाडून टाकला होता. कुणी विचारलं तर, “आमचे वडील खजुराच्या व्यापारात होते.” पण दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा म्हातारीला अल-हसाचा तो कल्हईवाला आठवला, आणि लुलुवाचं जमत आलेलं लग्न मोडलं. त्याच्या आधीही एक असंच, काही कारण न सांगता मोडलं होतं. लुलुवा आता एकोणतीस वर्षांची होती. आत्याबाई तिच्याकडे बघून उसासे टाकत, आणि ते उसासे तिला थपडांपेक्षा जास्त लागत.

अब्दुल मुहसिन वाईट माणूस होता का? नव्हता. बापाशी कितीही भांडण झालेलं असो, सकाळी त्याच्या कपाळाला ओठ टेकवल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. फक्त बाप काय होता, ते त्याला नको होतं.

लुलुवा शहराच्या जुन्या भागातल्या मातीच्या गढीत कामाला होती. पडकी गढी मोठा खर्च करून पुन्हा उभी केलेली. आलेल्या पाहुण्यांना हिंडवायचं, विहीर दाखवायची, शाळेच्या पोरींना कोठारात पळू द्यायचं नाही, हे तिचं काम. तिथे ‘जुने कारागीर’ही बसवले होते. चटया विणणारा ढाक्याचा, सुतार केरळचा आणि कल्हईवाला पेशावरचा. गुल रहमान त्याचं नाव. तिघांच्या अंगात जुन्या धर्तीचे झगे, कमरेला पट्टे. इथला कोण बसणार तिथे? लोक त्यांच्याबरोबर फोटो काढत आणि म्हणत, “वा, आपले पूर्वज किती कष्टाळू होते!”

आजोबा दर गुरुवारी लुलुवाच्या गाडीतून गढीत येत. विहिरीपाशी बसत आणि गुल रहमानच्या चुका मोजत.

“नवसागर असा फेकतात होय? अरे, तू भांडं कल्हई करतोयस की कोंबड्यांना दाणे टाकतोयस?”

गुल रहमान हसायचा. “आजोबा, मला पगार झगा घालायचा मिळतो. कल्हई मी इथे येऊन शिकलो.”

यंदा लुलुवाला रकानचं स्थळ आलं. घर बडं, टोळी बडी. रीतीप्रमाणे मुलानं मुलीला एकदा बघायचं, तेव्हा ती रसाचे पेले घेऊन आत गेली आणि मान खाली घालून बसली. आता हा स्वयंपाक येतो का विचारणार, असं तिला वाटलं. त्यानं विचारलं, “तुमच्या त्या गढीतली एक वस्तू चोरायची झाली, तर कोणती चोराल?”

“किल्ली,” ती म्हणाली. पटकन निघूनच गेलं तोंडातून.

तो असा हसला की बाजूला बसलेला त्याचा बाप दचकला. त्या हसण्यासाठी लुलुवानं जगातलं काहीही केलं असतं. खरं सांगायचं तर पुढे तिनं तेच केलं. त्या दिवशी आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. त्यामुळे त्या घरातल्या कुणीच त्यांना पाहिलं नव्हतं, आणि अब्दुल मुहसिननं त्याबद्दल अल्लाचे आभारही मानले होते.

निकाहाला आठ दिवस उरले आणि गुरुवारी दुपारी उम्म रकान, म्हणजे रकानची आई, आपल्या दोन बहिणींना घेऊन गढीत उगवली. आगाऊ निरोप नाही, काही नाही. नकाबातून नुसते डोळे दिसत होते, पण त्या डोळ्यांचाच दरारा असा की दारावरच्या माणसानं तिकीटही मागितलं नाही.

“म्हटलं, आमची सून काय करते ते बघावं तरी,” ती म्हणाली. “आणि हे बघ, माझ्या आजेसासूची कहव्याची किटली आणलीय. आतून काळी पडलीय. तुमच्याकडे कल्हईवाला आहे म्हणे?”

लुलुवा किटली घ्यायला पुढे झाली. तेवढ्यात विहिरीपलीकडून ओळखीचा आवाज आला, “सरक रे बाबा! बघवत नाही मला!”

आजोबा गुल रहमानच्या जागी बसले होते. बाह्या वर, गुडघा आखडलेला, एक पाय पसरलेला. भाता त्यांच्या हाताखाली असा चालत होता जणू मधली पन्नास वर्षं गेलीच नव्हती. लोक जमले. त्यांनी भांडं निखाऱ्यावर फिरवलं, कथील टेकवलं, नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि कापसाचा बोळा एकदाच आतून फिरला. काळं भांडं चंद्रासारखं उजळलं. टाळ्या पडल्या. उम्म रकाननं सगळं फोनवर टिपलं आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.

“हा खरा दिसतो गं!” ती म्हणाली. “कोण आहे हा? कुठून आणलात?”

आजोबांनी मान वर केली. घामानं चेहरा निथळत होता आणि त्यावर असा आनंद होता, जो लुलुवानं घरात कधी पाहिला नव्हता. ते तिच्याकडे बघत होते. आता पोरगी काय सांगते, ते त्यांना ऐकायचं होतं.

लुलुवाला लग्न मोडणारी ती म्हातारी आठवली. परत गेलेल्या भेटवस्तू आठवल्या. ‘किल्ली’वरचं ते हसू आठवलं.

“कामाला ठेवलाय, खाला,” ती म्हणाली. “सणासुदीपुरता.”

आजोबांनी डोळ्यांची उघडझाप केली. धूर गेला असेल. मग ते उठायला लागले, गुडघ्यामुळे अर्धेच उठले आणि अगदी नोकरासारखे झुकून म्हणाले, “हुकूम करा, बाईसाहेब. किटली द्या इकडे.”

मेली का नाहीस तू तिथेच, असं लुलुवानं स्वतःला नंतर हजारदा विचारलं. तेव्हा मात्र तिला, जळो ते मन, सुटल्यासारखं वाटलं.

आजोबांनी किटली उलटी केली. तळावरच्या छोट्या शिक्क्यावर अंगठा फिरवला. “काम चांगलं आहे,” एवढंच बोलले. लुलुवाला तो शिक्का माहीत होता. आजोबांच्या उस्तादांचा होता तो. असल्या किटल्यांना आजोबांनी लहानपणी शेकड्यांनी कल्हई लावली होती.

किटली लखलखीत होऊन आली तशी उम्म रकान इतकी खूश झाली की गाडीतून खजुराचा डबा मागवून तिनं आजोबांच्या हातात ठेवला. “खा, म्हाताऱ्या. मुलंबाळं आहेत का तुला?”

“आहेत ना, बाईसाहेब. मोठ्या हुद्द्यावर आहेत.”

सगळ्या बायका खो खो हसल्या. कल्हईवाल्याची मुलं म्हणे मोठ्या हुद्द्यावर!

“लुलुवा, ऐक,” उम्म रकान म्हणाली. “निकाहाच्या संध्याकाळी पुरुषांच्या शामियान्यात मला वारशाचा एक कोपरा मांडायचाय. जावेनं ससाण्यावाला आणला होता, महिनाभर त्याच तोऱ्यात होती. मला हा म्हातारा हवा. हाच. तो दुसरा नको, तो पेशावरी वाटतो.”

“खाला, ह्यांचा गुडघा...”

“येईन की,” आजोबा मध्येच म्हणाले. “निकाह आहे म्हणताय. निकाहाला कोण नाही म्हणतं?”

घरी आल्यावर आजोबांनी तो डबा जेवणाच्या चादरीवर मधोमध ठेवला. “घ्या,” म्हणाले. “माझी कमाई आहे. व्याह्यांच्या घरची.”

सगळं ऐकल्यावर अब्दुल मुहसिनचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला, मग लालबुंद झाला. “तुम्ही तिथे बसायचं नाही! मी निरोप धाडतो, म्हातारा आजारी आहे म्हणून. तुम्ही त्या दिवशी अल-खर्जला तुमच्या बहिणीकडे जाणार आहात, ठरलंय आपलं.”

“तुझं ठरलंय. मला कुणी विचारलं?” आजोबांनी एक खजूर उचलला, बी काढली. “महिनाभर वाट बघतोय मी, पोरा. म्हटलं, नातीचा निकाह आहे, हा म्हणेल, बाबा, समारंभाचा नवा बिश्त शिवायला टाका, माझ्या उजव्या हाताला बसा. तुझं बोलावणं काही आलं नाही. त्या बाईचं आलं.”

लुलुवा उठून त्यांच्या पायाशी बसली. “आजोबा, मला माफ करा. मी घाबरले हो. नुसती घाबरले.”

“ठाऊक आहे मला.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून नवसागराचा वास होता. “तू सुखानं जा, लुलू. मी कोपऱ्यात बसेन. तोंड उघडणार नाही. पण मला बघू दे तो कोण आहे ते.”

निकाहाच्या दिवशी तिन्हीसांजेला मगरिबच्या नमाजानंतर कागदावर सह्या झाल्या. शहराबाहेरचा बंगला उम्म रकाननंच भाड्यानं घेतला होता. एका बाजूला बायकांचा दिवाणखाना, दुसऱ्या बाजूला पुरुषांचा शामियाना, मधे उंच भिंत. अब्दुल मुहसिननं आपल्याकडचे मोजकेच पुरुष आणले होते, तेही तोंड मिटून बसायच्या बोलीवर. भिंतीपलीकडे काय चाललंय ते लुलुवाला दिसत नव्हतं. ती नटूनथटून उंच खुर्चीवर बसली होती. आयाबाया गालांवर गाल टेकवून जात होत्या, आणि ती कान लावून भात्याचा आवाज ऐकत होती. ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिला येत होता.

मग बायकांनी अबाया ओढून घेतल्या आणि रकान आत आला. तिच्या शेजारी बसला. दोघांमध्ये उम्म रकान उभी होती, हातात तीच किटली, नव्या कल्हईची. तिनं दोघांचे पेले भरले.

“किल्ली चोरलीस का?” रकान हळूच म्हणाला.

लुलुवा हसली. एवढं बरं वाटलं तिला की डोळ्यांत पाणी आलं.

“तुमच्या गढीतला तो म्हातारा,” रकान म्हणाला, “काय माणूस आहे! सगळे त्याच्याभोवती. फक्त तुझे वडील एकदाही त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत. पाठ करून बसले होते सारखे. मला म्हाताऱ्याची दया आली. जाताना मी त्याच्या कपाळाला ओठ टेकवले, आपल्या घरातल्या थोरांना टेकवतो तसे. तर रडायलाच लागला गं तो.”

लुलुवानं पेला खाली ठेवला.

“आणि माझा हात धरून काय म्हणाला माहितीय? म्हणाला, ‘लुलूला जप.’” रकानचा आवाज जरा बदलला. “लुलू! सगळ्या पुरुषांसमोर. एवढ्या कानांत तुझं नाव, आणि तेही घरातलं. त्याला कुठून माहीत?”

तिनं वर बघितलं. रकानचे डोळे चांगले होते. ज्यानं न सांगता त्या कपाळाला ओठ टेकवले, त्याला सांगता आलं असतं. दोनच शब्द होते. पण हातभर अंतरावर उम्म रकान किटली धरून उभी होती, तिच्यामागे तिच्या बहिणी होत्या आणि बहिणींच्या मागे अख्खं शहर होतं.

“गढीत सगळेच म्हणतात,” ती म्हणाली. “कामाची माणसं आहेत. ऐकून ऐकून म्हणतात.”

“मग सांग त्यांना,” रकान म्हणाला. रागानं नाही, प्रेमानंच म्हणाला. “यापुढे तुला त्या नावानं हाक मारायची नाही म्हणून. त्या म्हाताऱ्याला तर आधी सांग.”

“सांगते,” लुलुवा म्हणाली.