सर्वांत कमी आकडा

मुंगी सकाळच्या रांगेत कोसळली तेव्हा विज्ञानाच्या बाई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. अंगानं बारकी आणि सदा लगबगीत, म्हणून पाचवीच्या वर्गानं तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. बाईंनी तिला उचललं. ओठांची सालपटं निघाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बाईंना बाजूला घेऊन विचारलं, ही मुलगी पाणी पीत नाही का? हे एका दिवसातलं दुखणं दिसत नाही. वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता बाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तो तक्ता त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. पाणी वाचवण्याचा धडा नुसता वाचून काय उपयोग, म्हणून त्यांनी मुलांना घरच्या बादल्या मोजायला लावल्या. रोजचा आकडा तक्त्यावर लिहायचा. आठवड्यात ज्याचा सर्वांत कमी, त्याच्या नावापुढे तारा. मुलं इरेला पेटली. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना बोलावून तक्ता दाखवला. मुंगीचा आकडा मात्र कायम सगळ्यांत मोठा. मागच्या बाकावरून कुणीतरी तिला ‘धबधबा’ म्हणालं, तेव्हा वर्ग हसला होता. बाईही हसल्या होत्या.

मुंगीची आई कामावरच्या कपड्यांतच धावत आली. तिला काय सांगायचं, याची बाई मनात जुळवाजुळव करत होत्या, पण ती समोर उभी राहिल्यावर त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली की सासरे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या चादरी दिवसातून दोनदा धुवाव्या लागतात, पाणी त्यातच जातं. पोरगी आठवडाभर तहान नाही म्हणत होती.

“आजोबांच्या चादरी कमी धू, असं एकदाही म्हणाली नाही हो ती.”

बाईंनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

दुपारी मुंगीनं डोळे उघडले. नळीतून थेंब थेंब उतरणारं सलाईन ती बराच वेळ बघत राहिली.

“बाई, हे आमच्या आकड्यात धरायचं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “प्यायचं पाणी कधीच मोजायचं नाही. आजोबांचंही नाही. माझं चुकलं, बाळा.”

दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवरून उतरला. मुख्याध्यापक कुरकुरले, तरी बाईंनी साऱ्या वर्गासमोर आपली चूक कबूल केली. मग तासाला मुलांना घेऊन त्या शाळेच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे टाकी भरून वाहत होती. पाणी अडवणारी तिची झडप मोडली होती आणि पंप बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पाणी सांडणाऱ्या पाइपाखाली बाईंनी बादली धरली, ती पाऊण मिनिटात काठोकाठ भरली. त्याच दुपारी मुख्याध्यापकांना प्लंबर बोलवावा लागला.

मुंगी चार दिवसांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला गाठलं. पाणी प्यायलीस का? ती हो म्हणाली. बाईंचा जीव काही थाऱ्यावर येईना. तास संपल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, शाळा सुटताना पुन्हा.

“बाई, प्यायले ना,” मुंगी वैतागून म्हणाली.

तिचं ते वैतागणं ऐकून बाईंना जरा हायसं वाटलं. तरीही पुढचे कित्येक दिवस त्या विचारतच राहिल्या.