घरचं सामान

"सुबह खाली लाए थे ना, काका?" तिकीटवाल्याने गाडीच्या मागच्या काचेवर बोटांनी टकटक केलं. "अब भरी हुई है. ये तो माल हुआ."

दगा फिटरने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "माल नहीं है भैया. घर का सामान है."

"सब यही बोलते हैं."

नर्मदेवरच्या धरणाचं पाणी मागे पसरलं, तेव्हा बिलोरा घाटाचा जुना रस्ता त्याच्याखाली गेला. तेव्हापासून या काठाची गाडी त्या काठाला न्यायची तर दोन मोठ्या नावा जोडून वर लोखंडी पत्रे ठोकलेला बार्ज, नाहीतर हरद्याकडून नव्वद किलोमीटरचा वळसा. तिकिटाच्या टपरीशेजारी दरांचा फलक होता. घरगुती छोटी गाडी, अडीचशे. मालाची गाडी, नऊशे. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, मालाच्या गाड्या फक्त चारच्या फेरीला.

आत्ता साडेअकरा वाजले होते. बाराची फेरी काठाला लागलेली होती. तिच्यावर दोन मोटारसायकली आणि एक जीप चढलीसुद्धा होती.

दगाच्या शेजारी त्याची मुलगी कोकिळा बसली होती. तिच्या मांडीवरचा फोन पुन्हा थरथरला. तिने तो पालथा केला.

"त्याचाच?" दगाने विचारलं.

"हो."

"कुठं पोचला असंल?"

"मला काय माहीत बाबा? पहिला फोन केला तेव्हा हरद्यातून निघून राहिलो म्हणे. त्याला तास झाला."

दगाने मनातल्या मनात हिशोब केला. हरद्यापासून कोकिळाचं सासर दीड तासावर. सासरपासून घाट वीस मिनिटांवर. मोटारसायकलवर माणूस लवकर येतो. आणि वळशाने जावं तर तो वाटेतच समोर येणार.

कोकिळाचा नवरा जीवन दोन वर्षांपासून हरद्याला दुसरं घर करून राहत होता. तिथली बाई, तिथला पोरगा, सगळं गावाला माहीत होतं. महिन्यातून एकदा तो आईला भेटायला यायचा, जेवायचा, जायचा. म्हातारीची औषधं, गुरं, घर हे सगळं कोकिळा पाहत होती आणि ब्लाऊज शिवून आपला खर्च भागवत होती. गेल्या आठवड्यात त्याने सांगितलं, खोली भाड्याने देतोय, तुझी मशीन विकून टाकू. मग सासूनेच फोन केला होता दगाला. म्हातारी फार बोलली नाही. "ले जाओ समधीजी," एवढंच म्हणाली. "वो मंगलवार को आने वाला है. उसके पहले ले जाओ."

आज सोमवार होता. पण शेजारच्या कुणीतरी त्याला कळवलंच.

दगा खाली उतरला. त्याचं वय अठ्ठावन्न. बुऱ्हाणपुरात पस्तीस वर्षं त्याने कापडाचे लूम दुरुस्त केले होते. बंद पडलेल्या लूमपाशी कान लावून कुठला दात झिजला ते तो सांगायचा, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची. त्यातून खोटं बोलायचं म्हणजे तर मान खाजवायला लागायचा.

"देखो भैया, प्लेट सफेद है," तो म्हणाला. गाडी त्याच्याच मोहल्ल्यातल्या, लालबागच्या वसंतची. वसंतने चावी देतानाच बजावलं होतं, सफेद नंबर आहे दगाभाऊ, घरच्या गाडीचीच पावती फाडा, कमर्शियल अजिबात देऊ नका. पण त्याच वसंतने गाडीच्या दोन्ही अंगांना पिवळ्या रंगात 'केला वेफर्स' लिहून घेतलं होतं, आणि मागच्या सीटाही काढून टाकल्या होत्या.

तिकीटवाल्याने त्या अक्षरांवर नुसतं बोट ठेवलं. तिशीतला, गळ्यात गमछा, कानावर पेन. चेहरा वाईट नव्हता. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकून तो कंटाळलेला दिसत होता.

"ये वेफर्स की गाडी मांग के लाया हूं."

"तो मालिक को बोलो, मालिक भरेगा."

"ठीक है." दगाने खिशातून नोटा काढल्या. "नौ सौ ले लो. पर अभी जाने दो."

"नौ सौ दोगे तो चार बजे जाओगे, काका. भरी गाडी दोपहर के फेरे में नहीं चढती. पिछले साल एक गाडी सरक गई थी, तब से नियम है. मेरी नौकरी जाएगी."

दगाने वर रस्त्याकडे पाहिलं. टेकाडावरून उतरणारा रस्ता रिकामा होता. त्या रिकामेपणाचीच त्याला जास्त भीती वाटली. आणि त्या भीतीत त्याच्या तोंडून निघून गेलं,

"शादी का सामान है भैया. लडकी की शादी है."

त्याने मान खाजवली.

तिकीटवाल्याचा चेहरा एकदम बदलला. "अरे! तो पहले बोलना था ना. लडकी के सामान का कोई कमर्शियल लेता है क्या? पाप लगेगा." त्याने कानावरचं पेन काढलं. "कहां की शादी?"

"बुऱ्हाणपूर."

बार्जपाशी टोपली घेऊन उभी असलेली एक बाई हे ऐकून पुढे आली. खिडकीतून आत वाकून कोकिळाला म्हणाली, "बहन की शादी है क्या बाई? बडी बहन हो ना तुम?"

कोकिळाने तिच्याकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर, बापाकडे पाहिलं. दगाला ती नजर सहन होईना. तो खाली वाळूकडे बघू लागला.

"बस एक बार पीछे देख लेता हूं," तिकीटवाला म्हणाला. "साहब पूछते हैं तो बोलना पडता है, देखा था करके."

त्याने मागचं दार वर उचललं. सगळ्यात पुढे दोरीने बांधलेली शिलाई मशीन होती. तिच्यामागे दोन ठिकाणी शिवलेली गादी, बुडाला काळा पडलेला कुकर, एक टेबल फॅन, म्हातारीने बांधून दिलेली तुरीच्या डाळीची पिशवी, आणि स्टीलच्या डब्यांची उतरंड. तिकीटवाल्याने वरचा डबा हातात घेऊन फिरवला. त्यावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. तो अक्षर अक्षर लावत वाचू लागला.

"सौ. कोकिळा... हिला आई-बाबांकडून..." मग तारीख वाचून तो थांबला. "काका, ये तो ग्यारह साल पुराना है."

जीपवाला हॉर्न देऊ लागला. टोपलीवाली बाई डब्याकडे आणि दगाकडे आळीपाळीने पाहत होती.

"झूठ क्यों बोले?" तिकीटवाला म्हणाला. रागाने नाही, पण आता तो पुन्हा आधीसारखा झाला होता. "पुराना सामान बेचने का धंदा करते हो क्या? हटाओ गाडी. साइड में लगाओ."

"भैया, ऐक ना, म्हणजे सुनो..." दगाची जीभ जड झाली. "बात ऐसी है..."

गाडीचं पुढचं दार उघडल्याचा आवाज आला.

कोकिळा मागे आली. तिने तिकीटवाल्याच्या हातातून डबा घेतला, उतरंडीवर ठेवला.

"कोकिळा मैं हूं," ती म्हणाली. "शादी मेरी थी. ग्यारह साल पहले. अब ससुराल छोड के मायके जा रही हूं. ये सामान मेरा है. मेरे मां-बाप ने दिया था, वही वापस ले जा रही हूं. उस घर की एक चम्मच भी नहीं है इसमें. दाल है, वो सास ने खुद दी." ती थांबली. "अब बताओ, ये घर का है कि धंदे का?"

जीपवाल्याने हॉर्न थांबवला होता.

"आदमी?" तिकीटवाल्याने हळूच विचारलं.

"आ रहा है पीछे. इसलिए बारह के फेरे में जाना है."

तिकीटवाला काही क्षण गादीकडे पाहत राहिला. मग त्याने दार खाली ओढून बंद केलं, पुस्तक बोनेटवर ठेवलं आणि पावती लिहायला घेतली. दगाने वाकून पाहिलं. 'निजी', म्हणजे खाजगी, असं लिहून त्याने खाली दोन रेघा मारल्या. गाडीत काय आहे त्या रकान्यात लिहिलं, 'घरेलू'.

"ढाई सौ," तो म्हणाला. "जीप के पीछे लगाना. हैंड ब्रेक खींच के रखना."

टोपलीवाल्या बाईने काही न विचारता चाकांखाली दोन दगड सरकवले.

बार्ज काठापासून सुटला आणि बराच पुढे गेला, तेव्हा टेकाडावर धूळ दिसली. मोटारसायकल थेट पाण्यापर्यंत आली. जीवनने पाय टेकून हात वर केला, काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते कळलं नाही. त्याने तिकीटवाल्याला दोन्ही हातांनी बार्ज मागे बोलवायची खूण केली. बार्ज चालवणाऱ्याने मागे वळून टपरीकडे पाहिलं. तिकीटवाला पुस्तकात डोकं घालून काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली नाही. चालवणाऱ्यानेही मग पुढे पाहिलं.

कोकिळा कठड्याला धरून उभी होती. काठावरचा माणूस लहान होत गेला. दगा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मी खोटं नाही बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"चुप राहा बाबा."

"घाबरून गेलो मी."

"मी पण घाबरलीच होती," कोकिळा म्हणाली. तिने हात कठड्यावर घट्ट दाबून धरले. दगाने आपला हात तिच्या हातांवर ठेवला. पलीकडचा काठ येईपर्यंत तो तिथेच होता.

खंडवा गेलं, पुढचा डोंगराचा घाट उतरला. असीरगडच्या खाली दगाने चहासाठी गाडी थांबवली. सव्वातीन वाजले होते. कोकिळाचा चहा संपला, दगाचाही संपला. तो उठेना. त्याने दुसरा सांगितला. तोही संपला.

"निघायचं ना?" कोकिळाने विचारलं.

"निघू. घाई काय आहे?"

"बाबा."

दगाने रिकामा ग्लास बाकावर फिरवला. "तुझ्या आईचा फोन आला होता, तू हात धुवायला गेली तेव्हा. म्हणे दिवस मावळल्यावर या. आत्ता गेलो तर सगळी गल्ली ओट्यावर बसलेली राहते. सामान उतरवताना..."

कोकिळा समोरून जाणाऱ्या केळीच्या ट्रककडे पाहत बसली. तिचं मंगळसूत्र अजून गळ्यात होतं. दोन वर्षं ज्या माणसाने साधं विचारलं नाही, त्याच्यासाठी घाटावर परक्या लोकांसमोर पोरीला सगळं उलगडून सांगावं लागलं, आणि तिने सांगितलंही. दगाला कठड्यावर दाबून धरलेले तिचे हात आठवले. तीन तास इथे ट्रक मोजत बसवायचं तिला? चोरून आणल्यासारखं?

तो उठला. "चल," म्हणाला.

लालबागमध्ये ते पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. लख्ख ऊन होतं. गल्लीत खरंच सगळे होते. ओट्यावर बाया डाळी निवडत होत्या, कोपऱ्यावर चार जण पेपर वाचत होते. दगाने गाडी थेट दारासमोर उभी केली आणि हॉर्न वाजवला. आयुष्यात त्याने स्वतःच्या दारापुढे कधी हॉर्न वाजवला नव्हता.

त्याची बायको आशाबाई दारात आली. गाडी पाहून तिचा चेहरा पडला. "अहो, मी काय म्हटलं होतं तुम्हाला?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलंच, "काय दगाभाऊ, नवीन सामान का?"

दगाने मागचं दार उघडलं. त्याचा हात मानेकडे गेला नाही.

"नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कोकिळाचं आहे. ती घरी आली, राहायला. आता इथंच राहील."

डाळीतले हात थांबले. कोपऱ्यावरचा पेपर खाली आला. दगाने शिलाई मशीनची दोरी सोडली, एका बाजूने उचलली. दुसऱ्या बाजूला कोकिळाने हात लावला. मशीन जड होती. उंबऱ्याशी ती अडकली.

आशाबाई अजून दारातच उभी होती. ती लेकीकडे बघत होती. मग ती वळून आत गेली, आणि आतून काहीतरी ओढल्याचा, फरशीवर घासल्याचा आवाज आला. खिडकीखालची तिची लोखंडी पेटी ती एकटीच बाजूला सरकवत होती.

"अंधारात नका ठेवू," आतून तिचा आवाज आला. "इकडं आणा. शिवायला उजेड लागतो."