नुसत्या पाण्याची परीक्षा

एका घरात दोन मुली हुशार निघाल्या, की लोक आईबापांचं कौतुक करतात. दोघी एकाच वर्गात असल्या तर कौतुकात आणखीच भर पडते. आत काय शिजतंय ते मात्र घरच्यांनाच ठाऊक असतं, आणि कधीकधी त्यांनाही नसतं.

टपाल कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी अशा दोन बहिणी होत्या. मोठीला सगळे थोरली म्हणत. धाकटी लहानपणी दिवसभर चिवचिवायची, म्हणून ती चिमणी. शाळेत असताना थोरलीला विषमज्वर झाला, तिचं एक वर्ष बुडालं आणि मागच्या वर्गातली चिमणी तिच्या शेजारी येऊन बसली. बसली ती पुन्हा उठलीच नाही.

कॉलेजात थोरलीनं रसायनशास्त्र घेतलं. तिला त्या विषयाचं खरंच वेड होतं. दोन रंगहीन द्रावणं एकत्र आली की पिवळाधमक साका कसा काय खाली बसतो, याचं नवल तिला कधी जुनं वाटलं नाही. पुढल्या आठवड्यात चिमणीनंही त्याच विषयाला नाव घातलं.

"माझ्या मागं मागं किती दिवस येणार आहेस?" थोरलीनं विचारलं.

"मग कुठं जाऊ?" चिमणी म्हणाली. "घरात पुस्तकं तुझीच आहेत. नवी कोण घेऊन देणार?"

यावर हसायला हवं होतं. थोरली हसली नाही.

पुस्तकी अभ्यासात थोरली पुढं होती. समीकरणं तिला तोंडपाठ असत. पण रसायनशास्त्राची पदवी अर्धी प्रयोगशाळेत मिळते, आणि तिथं चिमणीचा हात चालायचा. ब्युरेटच्या उंच काचनळीतून द्रावण थेंबथेंब खालच्या चंबूत सोडायचं आणि पहिली फिकट गुलाबी छटा आली की त्याच थेंबाला तोटी बंद करायची, एवढंच ते काम. थोरलीचा एक थेंब जास्त पडायचाच. चंबू भडक गुलाबी व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारी चिमणी मात्र गाणं गुणगुणत तोटी फिरवायची. तिच्या पांढऱ्या कोटाला आम्लाची भोकं पडलेली, केस विस्कटलेले, आणि चंबूतला रंग असा नेमका, की प्रयोगशाळेतल्या मॅडम सगळ्या वर्गाला बोलावून दाखवायच्या.

"बघा, गुलाबी म्हणजे इतकंच गुलाबी."

सगळे चंबूकडे बघत. थोरली चिमणीच्या हाताकडे बघे. ते बोट कधीतरी थरथरावं असं तिला वाटे. चिमणीच्या हातून परीक्षानळी फुटली की थोरलीच्या पोटात एक गोड कळ उठे, आणि मग ती स्वतःच पुढं होऊन काचा गोळा करू लागे. बघणाऱ्यांना वाटे, काय माया आहे!

घरी बाबांना एकच प्रश्न सुचायचा. जेवायला बसलं की, "आज कुणाला किती?" दोघींनी आपापले गुण सांगायचे. जिला जास्त तिच्या पाठीवर थाप, जिला कमी तिला, "बघ, शिक जरा." त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. मुलं अशीच घडतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं, "दोघींना एम. एस्सी. करवणं मला झेपायचं नाही. तेव्हा वर्षअखेर जिचे गुण जास्त, ती पुढं शिकेल. दुसरीनं नोकरी बघावी, नाहीतर आपण तिच्यासाठी स्थळ बघू."

"अहो, मुली आहेत त्या," आई म्हणाली, "शर्यतीची घोडी नव्हेत."

"ईर्ष्या असल्याशिवाय कुणी धावत नाही. कचेरीत रोज बघतो मी."

चिमणी जेवत राहिली. थोरलीनं ताट बाजूला सारलं. विद्यापीठातली मोठी प्रयोगशाळा तिनं एकदा बाहेरून पाहिली होती. उंच खिडक्या, आत काचेच्या नळ्यांचं जंगल, आणि पांढऱ्या कोटात कुणीतरी पाठमोरं उभं. त्या पाठमोऱ्या माणसाच्या जागी ती कितीतरी दिवस स्वतःला बघत आली होती. आता त्याच कोटाला आम्लाची भोकं दिसू लागली.

त्या दिवसापासून तिला चिमणीचं सगळंच खुपायला लागलं. ती चटकन झोपते, ते खुपे. मैत्रिणी तिच्याभोवती गोळा होतात, ते खुपे. साधी शिंकली तरी थोरलीला वाटे, लक्ष वेधून घेतेय.

मग कॉलेजची अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा आली. प्रत्येकीला पुडीत एक अनोळखी मिश्रण मिळणार होतं आणि त्यात कोणते क्षार आहेत ते शोधायचं होतं. या कामाला डिस्टिल्ड पाणी लागतं. नळाच्या पाण्यात मुळातच क्लोराइड असतं, ते चालत नाही. दोघी बहिणींचा रिवाज असा, की जी आधी पोहोचेल तिनं दोघींच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या.

त्या सकाळी थोरली आधी पोहोचली. डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या बरणीसमोर रांग होती आणि बरणीची तोटी अगदी बारीक धार सोडत होती. तिनं आपली बाटली भरली. मग चिमणीची धरली. मागच्या मुली घाई करायला लागल्या. शेजारीच नळ होता. "एवढ्यानं काय होतंय," असं ती मनाशी म्हणाली. पण काय होतं ते तिला पुस्तकाच्या पानासकट ठाऊक होतं. तिनं नळ सोडला, बाटली भरली, बाहेरून पुसली आणि चिमणीच्या जागेवर नेऊन ठेवली.

"भरलीस? शाबास माझी ताई," धावतपळत आलेली चिमणी म्हणाली आणि कामाला लागली.

परीक्षा सुरू झाली. थोडं मिश्रण पाण्यात विरघळवून चिमणीनं त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. नळीत दुधासारखा पांढरा ढग उठला. क्लोराइड असल्याची ती खूण. मग खात्री करायला तिनं कोरडं मिश्रण घेऊन दुसरी चाचणी केली. क्लोराइड असतं तर तांबूस वाफा यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. तिनं पुन्हा करून पाहिलं. पहिली चाचणी 'आहे' म्हणे, दुसरी 'नाही' म्हणे. पुडीतलं मिश्रण संपत आलं. कपाळावरचे केस बाजूला सारताना चिमणीचा हात थरथरला.

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते थोरलीला दिसलं. तिला वाटलं होतं, फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चिमणीकडे बघण्याच्या नादात स्वतःच्या नळीतला घाणेरड्या वासाचा वायू उकळून घालवायचा ती विसरली, आणि पुढचं सगळं पृथक्करण चुकत गेलं.

मॅडम तोंडी प्रश्न विचारत बाकापाशी आल्या. चिमणीचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"एकीकडे क्लोराइड आहे म्हणतेस, दुसरीकडे नाही म्हणतेस. तुझं मत काय?"

"दिसलं ते लिहिलं, मॅडम. जुळवून लिहिता आलं असतं, पण मग ते खोटं झालं असतं."

मॅडमनी तिची पाण्याची बाटली उचलली. कोऱ्या नळीत नुसतं पाणी घेतलं आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पांढरा ढग उठला.

"नुसत्या पाण्याची चाचणी का नाही केलीस आधी? पहिल्या वर्षी शिकवलंय."

"पाण्यावर संशयच आला नाही," चिमणी म्हणाली.

"बाटली कुणी भरली होती?"

चिमणीनं थोरलीकडे पाहिलं. ती नजर थोरली पुढं जन्मभर विसरली नाही. मग चिमणी खाली बघत म्हणाली, "मीच. घाईत नळाखाली धरली असेन."

परीक्षा संपली आणि दोघी घरी आल्या. खोलीत शिरून चिमणीनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आता रडायला लागू नकोस, डोकं दुखतंय माझं."

"तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्यासाठी नाही वाचवलं तुला. नाव घेतलं असतं तर पुढं शिकायला मीच गेले असते. पण कशी? ताई लबाड निघाली म्हणून. मला तसलं जिंकायचं नाहीये." तिचा आवाज चिरकला. "आणि बाटली दुसऱ्या कुणी भरली असती ना, तर तपासली असती मी!"

थोरलीला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी मधे एकदाही तिला थांबवलं नाही.

"चिमणीला नवी पुडी मिळेल," त्या म्हणाल्या. "या परीक्षेत तुला शून्य. त्यात बदल नाही."

"बदल मागायला नाही आले मी. माझं काय चुकत गेलं ते मला कळत नाहीये. मी अशी नव्हते, मॅडम."

"तू सतत दुसरीला तपासत होतीस. ती किती पुढं, तिला किती गुण, तिचा हात, तिचा चंबू. नुसत्या पाण्याची चाचणी आपण का करतो? समोरच्यात दोष दिसला, तर तो आपल्याच पाण्यातून तर आला नाही ना, हे कळावं म्हणून. तू स्वतःला विचारलंस का कधी, चिमणी या वर्गात नसती तर मला रसायनशास्त्र आवडलं असतं का?"

"असतं," थोरली पटकन म्हणाली. "तिच्याआधीपासून आवडतंय."

"मग ते तुझंच आहे. ते ती घेऊन जाऊ शकत नाही." मॅडमनी कालची बाटली टेबलावर ठेवली. "मत्सर तुझा, त्याची शिक्षाही तुझी. पण या बाटलीत आणखी कुणाचं पाणी आहे ते मला पाहायचंय. वडिलांना पाठवून दे."

बाबा कचेरी सुटल्यावर आले. प्रयोगशाळेतल्या वासानं त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि एका उंच स्टुलावर अवघडून बसले. दोघी मुली भिंतीशी उभ्या होत्या. झालेलं ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला.

"थोरलीनं नाक कापलं माझं. प्रश्नच मिटला, चिमणी जाईल पुढं."

"प्रश्न मिटला नाही, तो तुम्हीच घातलाय," मॅडम म्हणाल्या. "एका खोलीत झोपणाऱ्या दोन मुलींच्या मधे तुम्ही एकच खुर्ची ठेवलीत आणि म्हणालात, पळा. मग एकीनं दुसरीला पाय घातला तर नवल कसलं?"

"माझी ऐपत एकीचीच आहे, बाई. ती कुठून वाढवू?"

"ऐपत एकीची असेल तर पाळी लावा. शर्यत कशाला? या मुलींच्या हातात पदवी येणार आहे. रंगाच्या कारखान्याला तपासनीस हवे आहेत. एकीनं आधी शिकावं, दुसरीनं नोकरी करून घराला हातभार लावावा. मग उलट."

"चढाओढीशिवाय माणूस पुढं जात नाही, असं आमचे वडील म्हणायचे. आम्हा भावांतही त्यांनी हेच केलं. एकालाच शिकवणार म्हणाले. मी जिंकलो."

"आणि भाऊ?"

बाबांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"बोलत नाही माझ्याशी. कितीतरी वर्षं झाली," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्याचा स्वभावच वाईट."

कुठंतरी एक तोटी ठिबकत होती. बाबा स्टुलावरून उतरले, थोरलीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाळीच लावू. आधी कोण, ते तुम्ही दोघी ठरवा. मी विचारणार नाही."

थोरलीनं ठरवायला वेळ लावला नाही.

निकालानंतर चिमणी विद्यापीठात निघाली. बसस्थानकावर आईबाबा तिची ट्रंक टपावर चढवून घेण्यात गुंतले होते. चिमणी खिडकीत बसली होती आणि खाली थोरली उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिची कारखान्यातली नोकरी सुरू होणार होती. बस सुटायच्या आत तिला काहीतरी गोड बोलायचं होतं. जे बोलली ते वेगळंच.

"चिमणे, मला तुझा हेवा वाटतोय. या क्षणीसुद्धा. खोटं कशाला बोलू?"

चिमणी हसली.

"वाटू दे की. तोंडावर सांगितलास ना, मग मला भीती नाही. तुझी पाळी आली की मी रोज जळणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."

आणि थोरलीची पाळी आली, तेव्हा ती खरंच शिकायला गेली. विद्यापीठात तिचा थेंब अधूनमधून जास्तच पडायचा. पण आता शेजारच्या चंबूकडे बघायला तिला सवड नसे.

वाचकहो, हेवा कुणाला चुकलेला नाही. सख्ख्या बहिणींना नाही, तसा तुम्हाआम्हालाही नाही. तो मनात आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. पण तो दडवून ठेवला तर कधी आपला हात नळाकडे नेईल, सांगता येत नाही. म्हणून तो वेळीच कबूल करावा. आणि आपण आईबाप, शिक्षक, वडीलधारे, आपणही आपल्या बाटलीतलं पाणी एकदा तपासून पाहावं. दोन मुलांच्या मधे एकच खुर्ची ठेवून आपण त्यांना हुशार करत नाही. त्यांचं एकमेकांशी भावंड म्हणून असलेलं भरवशाचं नातं आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि ते परत देणं कुणाच्याच ऐपतीत नसतं.