तेल पिणारा बैल

नत्थुजीनं बैलजोडी विकून विलायतेला परतलेल्या साहेबाची जुनी मोटारबोट घेतली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. आता नवरा-बायको बोटीतच राहत. तिथंच चूल, तिथंच अंथरूण, आणि पूर्णेच्या काठाकाठानं वांगी-कोथिंबीर विकत फिरणं. दोघांना हे जगणं गोड लागलं होतं. पण पोळा आला आणि नत्थुजीच्या बायकोचा, मनकर्णाचा, घास अडला. घरी बैल नाही, तर सजवलेले बैल जिथं उभे करतात त्या गावच्या तोरणाखाली मानही नाही.

आदल्या सांजेला घरोघर बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकले. मनकर्णानं इंजिनालाच लोणी-हळद चोळली.

"राबते तं हेच ना आपल्यासाठी!"

सकाळी बोटीच्या नाकाडाला तिनं गेरू लावला, बाशिंग बांधलं, घुंगरं अडकवली. बैल धुवायला आलेलं गाव बघतच राहिलं.

"काबे नत्थ्या, हे का सोंग होय?" खुशालराव पाटलांनी विचारलं.

"बैल हाये माहा, पाटील. तोरनात घ्या त्याले."

"मंग झडती म्हन त्याची. जमली तं घेतो."

नत्थुजीनं कानावर हात ठेवून पोळ्याला बैलापुढं म्हणायचं गाणं, झडती, सुरू केली.

"ना शिंग ना शेपूट, असा माहा बैल,
कडबा नाई मांगत, पेते नुस्तं तेल!"

"हर हर महादेव!" सारा काठ गरजला.

पाटील हसत म्हणाले, "औंदा तोरन इथंच बांधा रे, नदीवर!"

सांजेला तोरण सोडलं, पोळा फुटला आणि बैल घरोघर पूजेला निघाले. गावातली पार्बतामामी बैलाचे पाय धुऊन ओवाळायला आरतीचं ताट अन् पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि बोटीपुढं थबकली.

"अवो मनकर्णे, याचे पाय कुठी धुवू?"

"राहू द्या मामी," मनकर्णा खुदकन हसली, "सकायपासून पान्यातच उभा हाये तो."