भिवाचे पाय

सकाळी उठलं की भिवाचे पाय म्हणजे दोन ओंडके. घोटा वळायचा नाही, बोटं वाकायची नाहीत. गॅलरीत चार येरझारा घातल्या की मग सुटायचे. ते का धरतात यावर लालबागच्या त्या चाळीत रोज नळावर वाद. शेजारचा कोंडीराम म्हणे, गिरणीच्या रंगखात्यात जन्मभर पाण्यात उभा, दुसरं काय होणार? कमळाबाई वाताला बोल लावायची. डॉक्टर म्हणाला, सांध्यांना सूज आहे. भिवाची बायको चंपा मुकाट्यानं तेल चोळायची.

त्या सकाळी पोलीस चाळीत घुसले. आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, दगड उडाले, एका शिपायाचा डोळा फुटला. दगड मारणारा गोदामाच्या भिंतीवरून उडी टाकून लंगडत पळाला होता. तो भिवाचा मुलगा, दौलत. भिवाच्या खोलीत गोधडीखाली पडला होता, घोटा टम्म सुजलेला.

शिपायांनी लाथांनी दारं फोडली, बाप्यांना केसांना धरून बाहेर ओढलं.

"लंगडा कोण?" फौजदार ओरडला.

भिवा पाय ओढत दाराबाहेर आला. "मीच तो, सायब."

पोटरीवर लाठी बसली. तो कोसळला आणि चाळीला, मेलीला, नको तेव्हा पान्हा फुटला.

"सायब, त्याचे पाय रोज सकाळी धरतात!" कोंडीराम ओरडला. "रंगखात्यातल्या पाण्यानं!"

"पाण्यानं नाय, वातानं!" कमळाबाईनं तिथंही हट्ट सोडला नाही.

"गप बसा रे!" भिवा किंचाळला.

फौजदारानं त्याला उठवून गॅलरीत चालवलं. दुसऱ्या येरझारेला पाय रोजच्यासारखे सुटू लागले. भिवाला त्या पायांची चीड आली. तो मुद्दाम लंगडायला गेला आणि सोंग उघडं पडलं.

"थेरड्या, कुणाला लपवतोस?" फौजदार त्याच्या खोलीकडे वळला.

दारातच पाटा होता. भिवानं वरवंटा उचलला आणि सगळ्या ताकदीनं फौजदाराच्या बुटावर घातला. हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. मग शिपाई त्याच्यावर तुटून पडले. दात पडले, तळपाय फुटले. तंगड्या धरून त्याला जिन्यावरून फरफटत नेलं, पायरीपायरीवर डोकं आपटत. खोलीत बघायचं कुणाला सुचलंच नाही.

कोंडीरामानं दौलतला पाठुंगळीला घेतलं आणि मागच्या जिन्यानं काढलं. कोंडीराम रडत होता.

भिवा सुटून आला तेव्हा त्याचे पाय दिवसभर धरलेले असत. नळावर आता कुणी कारण काढत नसे. कमळाबाई त्याची बादली भरून दाराशी ठेवून जायची.