चार बोटं रिकामी

आमच्या प्रयोगशाळेत झाडं आणायची नाहीत. ही पाटी बावीस वर्षांपूर्वी मीच दारावर लावली, आणि त्याच दारातून नेच्याची कुंडी आत नेणारी बाईही मीच.

नॉर्म गेला तेव्हा चर्चमधल्या बायकांनी ती कुंडी दिली होती. नवऱ्याच्या मरणाची भेट घरात बघवेना आणि टाकूनही देववेना, म्हणून मी ती विभागाच्या कॉरिडॉरमध्ये ठेवली. मग जानेवारीत उणे तीसची थंडी पडली, कॉरिडॉरमधला हीटर बसला, आणि मी म्हटलं, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. खिडकीत, नमुने वाळवायच्या टेबलाच्या बरोबर वर टांगली. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून धोंडा पडला आणि बहुतेक सगळं मेलं. त्या दिवसांची धूळ इथल्या उजाड टेकड्यांत बोटभर जाडीच्या मातीच्या पट्ट्यासारखी दिसते. पट्ट्याखालच्या दगडात फुलझाडांचे पराग खच्चून भरलेले असतात. पट्ट्याच्या वर पहिलं कोण उगवलं, हे आमचा प्राध्यापक ऑर्डेल आयुष्यभर शोधत आलाय. तो दगड आणतो, मी तो आम्लात विरघळवते, उरलेला गाळ काचेवर घेते आणि दोघं सूक्ष्मदर्शकातून बघतो. पहिला येतो तो बहुतेक नेचा. त्याला फूल नको, कीटक नको, पानामागची बीजाणूंची पूड वाऱ्यावर उडाली की झालं.

या वेळच्या नव्या जागेत ऑर्डेलला पट्ट्याला अगदी लागूनच नेचा सापडला. मधे जराही खंड नाही.

"एक दिवस वाया घालवला नाही गं पृथ्वीने," तो म्हणाला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, स्टुलावर बसून पाय हलवत होता. जूनमध्ये तो निवृत्त होणार, आणि हे त्याचं शेवटचं काम. मे महिन्यात बिस्मार्क शहरात भूवैज्ञानिकांच्या सभेत तो ते मांडणार होता. कार्यक्रमपत्रिकेत नाव आणि निष्कर्षही छापून गेले.

मार्चमध्ये त्याच्या भाषणासाठी मी काचांचे फोटो काढायला बसले. बीजाणू भलतेच लाल होते. आम्ही काचेवर लाल रंग घालतो. दगडातले बीजाणू मुळात तपकिरी, ते रंग जेमतेम घेतात. हे मात्र टवटवीत होते, आतला गरही शाबूत. मी मान वर केली. कुंडी अजून खिडकीतच टांगलेली होती. खिडकीच्या कठड्यावर, टेबलावर, नमुन्यांच्या झाकण न लावलेल्या बशांच्या काठांवर बारीक तपकिरी पूड पडली होती.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. काचा मीच करते, मीच कपाटात ठेवते. ऑर्डेल टाळ्या घेऊन घरी गेला असता. पण मग त्याचं शेवटचं काम खोटं ठरलं असतं, आणि ते फक्त मला माहीत असतं.

दुपारी तो सूपचा डबा उघडून बसला होता.

"ऑर्डेल, तुझे बीजाणू माझे आहेत."

"म्हणजे काय?"

"त्या कुंडीतले आहेत. ताजे आहेत. बघ ये."

डबा तसाच ठेवून तो आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वरच्या थरातले?"

"ते खरे आहेत. तिथे आधीच इतकी गर्दी आहे की माझे दहा-वीस मिसळले तरी फरक पडत नाही. पट्ट्याला लागून असलेल्या खालच्या चार बोटांच्या थरात मात्र कुणीच नव्हतं. म्हणून माझ्या कुंडीतले घुसले तेवढेच दिसले."

"दारावरची पाटी वाचता येते ना तुला?"

"अक्षर माझंच आहे."

तो हसला नाही. "कुंडी घरी ने," म्हणाला. मग सूपच्या डब्याकडे वळत म्हणाला, "टाक नाही म्हणत मी. घरी ने."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कोट घालून दारात उभा. "बर्फ वितळतंय. माझे गुडघे काही कामाचे नाहीत, खणायचं तुला आहे."

टेकडीवर चिखल गुडघाभर होता. मी खणलं, तो वरून सूचना देत राहिला. या वेळी प्रत्येक बशीवर झाकण. मग दोन आठवडे मी त्या चार बोटांच्या काचा पाहिल्या. कोळशाचे कण, काळा चुरा, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आम्ल जास्त झालं असेल. पुन्हा नमुना केला. तरी तेच. नंतर ते रिकामपण मला ओळखीचं वाटायला लागलं. सकाळी मी लवकर जाऊन बसायचे.

बिस्मार्कला ऑर्डेल उभा राहिला आणि म्हणाला, "पत्रिकेत छापलंय ते चूक आहे. नमुने माझ्या प्रयोगशाळेत खराब झाले. मला घाई झाली होती. खरं असं आहे, की पट्ट्यावरची चार बोटं रिकामी आहेत."

"अगदी रिकामी?" कुणीतरी विचारलं. "किती काळ?"

"वर्षं सांगता येत नाहीत. काचा आर्डिसने पाहिल्यात. तिलाच विचारा."

बावीस वर्षांत मी सभेत तोंड उघडलं नव्हतं. उठले.

"पुष्कळ काळ," म्हटलं. "बघत राहिलं तरी काही दिसत नाही. मग वाटतं, आपलंच काही चुकतंय. म्हणून पुन्हा बघायचं. तेव्हाही नसतं."

पाचव्या बोटापाशी नेचा येतो, हे सांगायचं राहिलं. नॉर्मला मातीत ठेवताना मी रडले नव्हते, त्यानंतरच्या दीड वर्षातही नाही. आर्डिस किती लवकर सावरली, असं सगळे म्हणायचे. आणि आता साठ भूवैज्ञानिकांसमोर मला हुंदका आवरेना.

काहींना वाटलं असेल, चूक हिचीच होती, म्हणून रडतेय. ऑर्डेलने दिवे मालवायला सांगितले आणि पुढचं चित्र लावलं. साधा आलेख होता, सांगण्यासारखं दोन मिनिटांचं. तो त्यावर पंधरा मिनिटं बोलत राहिला.