गालिच्याचं भाडं

"साहेब बाहेरगावी गेलेत," कारकुनाने मान वर न करता सांगितलं आणि ट्रकवाल्याचं डोकं सणकलं. मागच्या खेपेला साहेब आजारी होते, त्याआधी सही करणारे भागीदार सापडत नव्हते. सबबींना तोटा नव्हता, दुष्काळ काय तो पैशांचा. माल जरा उशिरा पोचला की मात्र हीच माणसं आकाशपाताळ एक करायची.

तो जायला वळला आणि साहेबांच्या बंद केबिनपाशी थबकला. आतला भारी गालिचा त्यानेच आणून टाकला होता, अन् थकलेलं भाडं त्या गालिच्याचंच होतं. गालिचा मळू नये म्हणून साहेब बूट दाराबाहेर काढत. आत्ताही ते तिथेच चकाकत होते.

त्याने बूट उचलून काखोटीला मारले.

"अहो, हे काय?" कारकून ताडकन उठला.

"साहेब अनवाणीच गेलेत बाहेरगावी. पोचवून येतो."

तो ट्रकपाशी पोचतो न पोचतो, तोच साहेब नुसत्या मोज्यांवर धावत आले. हातात सही केलेला चेक होता. ट्रकवाल्याने तो नीट वाचून खिशात घातला. बूट काखोटीलाच राहिले.

"आता बुटांचं भाडं," तो म्हणाला. "हे रोख."